तरुणपणीच्या पार्किन्सन्सची तीस वर्षांची वही कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पार्किन्सन्सवर, म्हणजे हालचाल मंदावणाऱ्या, अंग आखडवणाऱ्या त्या मेंदूच्या आजारावर, आख्खं पान आलं होतं. दोनदा वाचलं, माहिती चांगली होती, त्याबद्दल वाद नाही, पण वर फोटो कुणाचा तर काठी टेकत चाललेल्या पांढऱ्या केसांच्या आजोबांचा. दरवेळी तोच. आणि अगदी शेवटी एक ओळ, की क्वचित हा आजार तरुणांनाही होतो. त्या ‘क्वचित’मधला मी एक. ३७व्या वर्षी निदान झालं, आता ४९ चा आहे, म्हणजे बारा वर्षं झाली आणि रिटायर व्हायला अजून अवकाश आहे. त्या एका ओळीच्या पुढचं कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कापाकापी केलीत तरी चालेल, फक्त रजिस्ट्रीचा, म्हणजे पेशंटांची वर्षानुवर्षं नोंद ठेवण्याचा, भाग तेवढा ठेवा.

आधी घरचाच किस्सा सांगतो. आत्तापर्यंत माझे चार न्यूरोलॉजिस्ट झाले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘पहिलं लक्षण कधी जाणवलं?’ पहिल्याला मी सांगितलं, उजवा खांदा आखडला तेव्हापासून. त्या खांद्याला फ्रोझन शोल्डर समजून दीड वर्ष शेक आणि व्यायाम चालू होते, तो भाग वेगळाच. दुसऱ्याला सांगितलं, सही बारीक व्हायला लागली आणि बँकेने चेक परत पाठवला तेव्हापासून. तिसऱ्यासमोर बायको मध्येच बोलली, ‘नाही हो डॉक्टर, त्याच्याही आधी सकाळी उठले की यांच्या पायाचा अंगठा वर वळायचा, मी रोज दाबून द्यायचे.’ तीन डॉक्टर, तीन तारखा, आणि तिन्ही फायलींमध्ये त्या अगदी ठामपणे लिहिलेल्या. मग दोन वर्षांपूर्वी मुलगी जुने व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवत बसली होती, त्यात तिच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेचा एक निघाला. ती सहा वर्षांची, हातात कसलं तरी मेडल, आणि मी मैदान ओलांडून तिच्याकडे चालत येतोय. डावा हात मस्त झुलतोय आणि उजवा अंगाला चिकटलेला, काखेत पेपर धरल्यासारखा. कोपऱ्यात तारीख, निदानाच्या जवळजवळ तीन वर्षं आधीची. आम्ही तिघांनी तो व्हिडिओ चार-पाचदा मागेपुढे करून बघितला, कुणी काही बोललं नाही. तेव्हा हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आणि लक्षात आलं असतं तरी ते लिहून ठेवायला जागा कुठे होती.

हे सांगायचं कारण असं की या आजाराबद्दल जे काही ‘सरासरी’ म्हणून छापलं जातं ते बरंचसं अशाच आठवणींवर उभं आहे. आणि आठवण कशी असते ते वर लिहिलंच.

आता रजिस्ट्री म्हणजे काय, कारण लोकांना वाटतं ही औषधाची ट्रायल असणार. तसं नाहीये. कुणाला नवी गोळी द्यायची नाही, कुणाला खोटी गोळी द्यायची नाही. ज्यांना आजार आहे त्यांची रीतसर परवानगी घेऊन नोंद करायची आणि मग दरवर्षी तीच माणसं गाठायची, तेच प्रश्न विचारायचे, त्याच पद्धतीने तपासायचं, आणि हे मध्येच सोडून द्यायचं नाही. बस एवढंच. ऐकायला इतकं कंटाळवाणं की त्याची कधी बातमी होत नाही. बातमी होते ती ‘पार्किन्सन्सवर नवा उपाय सापडला’ याची, आणि मग नातेवाईक ते कात्रण मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, वर्षाला दहा तरी येतात. बारा वर्षं झाली, आजाराचा वेग थांबवतं असं सिद्ध झालेलं एकही औषध अजून माझ्या पिशवीत आलेलं नाही. लक्षणं आटोक्यात ठेवणारी आहेत, त्यांच्यावरच तर चाललंय.

तरुणांसाठी वेगळी नोंद कशाला, असं माझ्या भावाने विचारलं होतं. साधारण पन्नाशीच्या आत सुरू झाला तर त्याला अर्ली ऑनसेट किंवा यंग ऑनसेट म्हणतात. नाव एकच पण आजाराची चाल निराळी. आमच्यात तो बहुतेक वेळा हळू वाढतो, स्मरणशक्ती जास्त काळ शाबूत राहते, पण पाय-बोटं वळून आखडणं म्हणजे डिस्टोनिया सुरुवातीलाच दिसू शकतो, आणि लेव्होडोपा ही या आजाराची मुख्य गोळी चालू केल्यावर अंग आपोआप वळवळायला लागतं तो डिस्किनेशिया आमच्यात लवकर येतो. आणि मुख्य म्हणजे आम्हाला याच्यासोबत काढायची वर्षंच जास्त असतात. सिडनीत १९८४ पासून नव्याने निदान झालेल्या पेशंटांचा वीस वर्षं पाठपुरावा केला गेला, त्या १३६ जणांपैकी वीस वर्षांनी १०० वारलेले होते. अभ्यास फार मोलाचा आहे, पण ते बहुतेक साठीच्या आसपास आजारी पडलेले लोक. मला वीस वर्षं होतील तेव्हा मी ५७ चा असेन. माझ्या विसाव्या वर्षाचा अंदाज त्यांच्या विसाव्या वर्षावरून कसा बांधायचा? आणि तिसाव्या वर्षाचं काय? त्याबद्दल डॉक्टरांना विचारलं की ते प्रामाणिकपणे म्हणतात, ‘प्रत्येकाचं वेगळं असतं.’ हे खरंच असेल, पण वेगळं म्हणजे किती प्रकारचं वेगळं हे कुणीतरी मोजायला नको का.

मोजल्याने काय होतं त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जपानमधलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९७३ साली काही कुटुंबांबद्दल लिहून ठेवलं होतं. भावंडांमध्ये फार कमी वयात पार्किन्सन्ससारखा त्रास, दिवसभरात लक्षणं बरीच वरखाली होणारी, आणि झोपून उठलं की जरा बरं वाटणारं. आता झोपून उठल्यावर बरं वाटतं ही काय नोंद करायची गोष्ट आहे का? धावपळीच्या ओपीडीत कुणी ते वाक्य लिहिलंही नसतं. पण लिहिलं, आणि अशी कुटुंबं गोळा होत गेली, आणि १९९८ साली जपानच्याच संशोधकांना त्या प्रकारामागचा जीन सापडला, त्याचं नाव पार्किन. पंचवीस वर्षं गेली मधे. आज कमी वयातल्या आनुवंशिक पार्किन्सन्सचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणून तोच ओळखला जातो. पुढे डीजे-वन आणि पिंक-वन हे जीन सापडले, त्यातून पेशींमधले खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, साफ करण्याचं काम नीट होत नाही हा सगळा धागा हाताला लागला. सुरुवात कुठून, तर सकाळी जरा बरं वाटतं एवढ्याशा वाक्यातून.

आणि याचा औषधाशी थेट संबंध आहे. पार्किन जीनवाल्या पेशंटांच्या मेंदूत बरेचदा लुई बॉडीज, म्हणजे अल्फा-सिन्युक्लिन प्रोटीनच्या त्या गाठी, सापडतच नाहीत. सध्या बरीच नवी औषधं नेमकी त्या प्रोटीनवर रोख धरून बनवली जातायत. २०१० साली सुरू झालेल्या पीपीएमआय नावाच्या मोठ्या अभ्यासात तेच लोक वर्षानुवर्षं तपासले जातायत, त्यातल्या ११२३ जणांच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यावर या प्रोटीनची चाचणी केली, त्याचा निकाल २०२३ मध्ये आला. पार्किन्सन्सवाल्यांपैकी सुमारे ८८ टक्के पॉझिटिव्ह, पण एलआरआरके-टू या जीनमुळे आजार झालेल्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी. म्हणजे आम्ही सगळे एकाच माळेचे मणी नाही. सगळ्यांना एकाच ट्रायलमध्ये कोंबलं आणि औषध फेल गेलं तर ते औषध वाईट होतं की चुकीच्या माणसांना दिलं हे कळणारच नाही. आधी कोण कुठल्या प्रकारातला हे माहीत पाहिजे, आणि ते ऐनवेळी नाही कळत.

दुसरं उदाहरण पाण्याचं. अमेरिकेत कॅम्प लेजून म्हणून मरीन सैनिकांचा तळ आहे, तिथल्या पिण्याच्या पाण्यात कित्येक वर्षं ट्रायक्लोरोएथिलीन हे सॉल्व्हंट मिसळत होतं. तिथे १९७५ ते १९८५ मध्ये राहिलेल्या सैनिकांची तुलना दुसऱ्या एका तळावरच्या सैनिकांशी केली, तर लेजूनवाल्यांमध्ये पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त निघाला. निकाल छापून आला २०२३ साली! विशीतल्या पोरांनी प्यायलेल्या पाण्याचा हिशोब ते म्हातारे झाल्यावर लागला, आणि लागला तो फक्त कोण कुठे कधी होतं आणि पुढे त्याच्या तब्येतीचं काय झालं या दोन्ही नोंदी शिल्लक होत्या म्हणून. माझ्या फायलीत मी तिशीपर्यंत कुठे राहिलो, काय काम केलं, कुठलं पाणी प्यायलो, शेतात फवारणी होत होती का, यातलं एक अक्षर नाहीये. चारपैकी एकाही डॉक्टरने विचारलं नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात.

आता माझी तक्रार. मी एका रजिस्ट्रीत होतो. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. निदानानंतर दुसऱ्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलात विचारलं, आमच्या नोंदणीत याल का, दर सहा महिन्यांनी यायचं, एकदा रक्त द्यायचं. मी लगेच हो म्हटलं. पहिल्याच फेरीला सांगितलं की आदल्या रात्रीपासून गोळी घ्यायची नाही, औषधाशिवाय तुम्ही कसे आहात ते बघायचंय. बारा तास गोळीशिवाय म्हणजे काय ते ज्याला कळतं त्यालाच कळतं. त्या सकाळी बायकोने शर्टाची बटणं लावली, बूट घातले, रिक्षात बसवलं. तिथे एक कोऑर्डिनेटर मुलगी होती, पंचविशीची असेल. तिने अंगठा आणि पहिलं बोट भराभर एकमेकांवर आपटायला लावलं, टाच आपटायला लावली, कॉरिडॉरमधून चालवलं, मग मागे उभी राहून खांद्याला झटकन मागे ओढलं, तोल सावरतो का बघायला, आणि प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. मग गोळी दिली आणि तासाभराने सगळं पुन्हा. ती प्रश्न वाचायची ते मात्र कुणी कधी विचारलेच नव्हते. झोपेत ओरडता का, वास येतो का, बद्धकोष्ठ कधीपासून, ऑफिसात किती लोकांना माहितेय. बायकोलाही वेगळं बसवून विचारलं. त्या दिवशी घरी येताना बायको म्हणाली, पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकलं.

असे चार वेळा गेलो. पाचव्या वेळी फोनच आला नाही. मीच केला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला, ‘सर, ते प्रोजेक्ट क्लोज झालंय, फंडिंग तीन वर्षांचंच होतं.’ ती मुलगी दुसरीकडे नोकरीला गेलेली. मी विचारलं माझ्या रक्ताचं काय, तर म्हणाले स्टोअर केलेलं असेल. असेल! म्हणजे माझं रक्त कुठल्या तरी फ्रीझरमध्ये उणे ऐंशी डिग्रीला पडलंय आणि त्याच्या मालकाचं पुढे काय झालं हे त्या नळीवरच्या नंबरला माहीतच नाही. डिस्किनेशिया मला त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाला. ज्या गोष्टीसाठी नोंद ठेवायची ती घडली तेव्हा नोंद ठेवणारं कुणी नव्हतं. तीस वर्षांच्या आजाराला तीन वर्षांचं फंडिंग, याला काय म्हणायचं. खरं सांगायचं तर राग त्या हॉस्पिटलवर नाहीच, पैसे देणाऱ्यांना तीन वर्षांत पेपर छापून हवा असतो आणि आमचा आजार तेवढ्यात जेमतेम ओळख करून देतो.

बरं, रजिस्ट्री चालू राहिली तरी दुसरी एक गोम आहे. जे जास्त आजारी होतात त्यांना येणं जमत नाही, जे फार बरे असतात ते कामाच्या रगाड्यात येत नाहीत, उरतात ते मधले. म्हणून जो येत नाही त्याच्यामागे फोन करून, घरी जाऊन, चिकाटीने लागणारी माणसं पगारावर ठेवावी लागतात. खर्च तिथे आहे, मशिनमध्ये नाही. आणि उपयोग बघायचा तर एकच आकडा देतो. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट प्रकारच्या, म्हणजे मेंदूत कमी पडणाऱ्या डोपामिन रसायनाची नक्कल करणाऱ्या, गोळ्यांनी काहींना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा ताबा सुटतो, आणि कमी वयाच्या पेशंटांना हा धोका जास्त असतो. औषध मंजूर होताना ट्रायलमध्ये हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. नंतर मुद्दाम विचारलं तेव्हा, २०१० साली छापलेल्या तीन हजारांवर पेशंटांच्या अभ्यासात, या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना तो त्रास निघाला, न घेणाऱ्यांत ७ टक्के. माझ्या ओळखीतल्या एकाने ऑनलाइन रमीत मुलाच्या शिक्षणाचे पैसे घालवले, घरचे त्याला वर्षभर नालायक म्हणत होते. गोळी बदलली आणि महिन्या-दोन महिन्यांत माणूस ताळ्यावर आला. ते वर्ष त्याला कोण परत देणार.

तसंच लेव्होडोपाचं. मला सुरुवातीला सांगितलं, तरुण आहात, ती गोळी राखून ठेवू, लवकर चालू केली तर लवकर वळवळ सुरू होईल. दोन वर्षं मी कुंथत काढली. नंतर वाचलं की घानामध्ये, जिथे लोकांना औषध उशिरा मिळायचं, तिथल्या पेशंटांची इटलीतल्या पेशंटांशी तुलना केली होती, २०१४ साली छापून आलंय, आणि असं दिसलं की वळवळ सुरू होण्याचा संबंध गोळी किती वर्षं घेतली यापेक्षा आजाराला किती वर्षं झाली याच्याशी आणि डोस किती मोठा याच्याशी जास्त आहे. म्हणजे ती दोन वर्षं मी बहुधा फुकटच सोसली. असले प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत, माणसं बघत बसावी लागतात.

बायकांचं तर विचारूच नका. आमच्या पेशंटांच्या ग्रुपमध्ये तिशी-चाळिशीतल्या तिघी आहेत, तिघी सांगतात की पाळीच्या आधीचे चार दिवस गोळी लागतच नाही, म्हणजे तिचा असरच होत नाही. एकीला दुसरं मूल हवं होतं, गरोदरपणात कुठलं औषध चालेल, आजार वाढेल का, यावर तिच्या डॉक्टरांनी समोर ठेवलेली माहिती म्हणजे जगभरातल्या एकेकट्या केसेसची मोळी. साठीतल्या पुरुषांवर बेतलेल्या फॉर्ममध्ये पाळीचा रकाना असणार कुठून.

लोक नाव द्यायला घाबरतात हेही खरंय, मीही पाच वर्षं ऑफिसात लपवलं, हात खिशात घालून मीटिंगा केल्या. जीनची तपासणी म्हटलं की मुलांच्या लग्नाचा, विम्याचा विचार येतो. माझी मुलगी आता विशीत आहे, तिला तपासणी करायची की नाही ते ती ठरवेल, मी तिच्यासमोर विषयही काढत नाही. त्यामुळे नाव एका कुलपात आणि माहिती दुसऱ्या कुलपात, कुणी कशासाठी उघडली याची नोंद, आणि बाहेर पडायचं तर कधीही पडता येईल, एवढं तरी लेखी पाहिजे. आणि आम्ही जे देतो त्यातून काय निघालं ते वर्षातून एकदा आम्हाला आमच्या भाषेत कळवा, त्या दोन वर्षांत मला एक ओळसुद्धा कुणी कळवली नाही.

जमत नाही असं नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने १९९६ सालीच पार्किन्सन्सच्या नोंदणीचा कायदा केला. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये केला, पण पैशाअभावी तो पडून राहिला आणि डॉक्टरांनी प्रत्येक पेशंट कळवायचाच हे सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. म्हणजे तिथेही रडगाणं तेच, फक्त शेवटी कुणीतरी पैसे दिले.

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या वेळी नव्या उपायाची बातमी छापाल तेव्हा वार्ताहराला एवढं विचारायला सांगा की हे किती जणांवर, किती वर्षं बघून कळलं, आणि त्यात पन्नाशीच्या आतले किती होते. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी जुने व्हिडिओ जपून ठेवा, आणि एक वही करा, तारीख, गोळीची वेळ, कधी लागली, कधी उतरली. मी करतो. आज सकाळी साडेसातची गोळी आठ वाजून वीस मिनिटांनी लागली आणि साडेदहाला उतरली, हे पत्र रोजच्या अशाच मधल्या वेळात, तीन दिवस थोडं थोडं करून टाइप केलंय.

आणि ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिनाला, तुम्ही पुन्हा पान काढालच. त्या वेळी आजोबांच्या फोटोऐवजी माझ्या त्या स्पोर्ट्स डेच्या व्हिडिओतला फोटो देतो. चेहरा कापा, पोरीचाही कापा, उजवा हात तेवढा दिसू द्या.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव-गाव कृपया छापू नये)